अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

खडू शालनच्या हातून पहिल्यांदा पडला तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्यांदा पडला तेव्हा चौथीच्या वर्गातली पोरं हसली. मागच्या बुटक्या बाकावर गुडघे जवळ घेऊन बसलेले बाहेरगावचे परीक्षक कागदावर काहीतरी लिहू लागले, आणि त्यांच्या शेजारी तसाच अवघडून बसलेला मी मनात म्हणालो, शालन, आता घाबरू नकोस.

फळ्यावर तिच्या टपोऱ्या अक्षरात धडा लिहिलेला होता. 'अवयवांवरून वाक्प्रचार. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.' त्याखाली डोळ्यांत तेल घालणे, मग कानाडोळा करणे, आणि तिसरा वाक्प्रचार 'हातपाय' एवढ्यावर थांबलेला. खडू उचलायला ती वाकली आणि तशीच खाली बसली. टेबलाचा पाय धरून उठायला गेली आणि पुन्हा बसली. पोरांना वाटलं बाई गंमत करतायत.

मी पुढे गेलो. "शालन, काय होतंय?"

"सर," ती पोरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "तुम्ही शिकवलं तसंच झालं. हातपाय गळालेत."

मी शिकवलं होतं खरं. एकोणनव्वद सालची गोष्ट. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींचं डी.एड. कॉलेज होतं आणि तिथे मी शैक्षणिक मानसशास्त्र शिकवायचो. वय अठ्ठावीस, पुण्याची पदवी, आणि आपल्याला माणसं कळतात असा ठाम समज. आदल्याच आठवड्यात मी भीतीवर एक तास घेतला होता आणि तो मला फार आवडला होता. मी म्हणालो होतो, मन आणि शरीर वेगळी नाहीत, हे साहेबाने पुस्तकं लिहून सांगितलं, पण आपल्या आज्यांना ते आधीच ठाऊक होतं. भीती वाटली की पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं, हातपाय गळतात. मन बोलतं ते शरीराच्या तोंडून. पोरींनी वह्यांत उतरवून घेतलं. शालनने त्याखाली लाल पेनाने रेघ मारली होती, ती वही मी नंतर पाहिली.

शालन मोटे धनगराची. तिच्या वाडीत बारावी झालेली ती पहिलीच मुलगी. हुशार होती, पण वर्गासमोर उभं राहायचं म्हटलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. पहिल्या वर्षीच्या सराव पाठाला ती मध्येच थांबली होती आणि पोरांसमोर रडली होती. आज वार्षिक पाठाची परीक्षा होती. यात नापास झाली तर पुढचं वर्ष वसतिगृहात ठेवायची घरच्यांची ऐपत नव्हती आणि बाप तिचं लग्न उरकणार, हे तिने मलाच सांगितलं होतं. एवढं सगळं माहीत असल्यावर तिचे पाय का गळाले हे मला कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आम्ही तिला वसतिगृहात नेलं. दोन मुलींच्या खांद्यांवर हात टाकून ती गेली, पाय ओढत. मी खुर्ची घेऊन खाटेशेजारी बसलो आणि शांतपणे ऐकायला लागलो. ऐकणं ही माझी खास कला होती.

"पायाला मुंग्या येतात सर. शुक्रवारपासनं. आधी बोटांना यायच्या, आता गुडघ्यापर्यंत आल्यात."

"पाठाच्या तारखा कधी लागल्या?"

तिने आठवून सांगितलं, "गुरुवारी."

"बघ," मी म्हणालो.

तिने पाहिलं. तिला पटलं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी डॉक्टर किणीकर स्कूटरवरून आले. गावात तेच एक एमबीबीएस. त्यांनी पोरीचं वय विचारलं, लग्न ठरलंय का विचारलं, परीक्षा आहे हे ऐकलं, नाकाशी उग्र वासाची बाटली धरली आणि ताकदीचं एक इंजेक्शन देऊन व्हरांड्यात येऊन म्हणाले, "हिस्टेरिया. लेलेसर, दोन दिवस लक्ष देऊ नका, आपोआप चालायला लागेल." मला तो शब्द आवडला नाही. मी त्यांना सांगितलं की हल्ली असं म्हणत नाहीत, आणि लक्ष न देणं तर चुकीचंच आहे, मुलीला धीर दिला पाहिजे. आम्ही दोघांनी चूक एकच केली, माझी जरा सुसंस्कृत होती इतकंच.

परीक्षक गुरुवारपर्यंत गावात होते. मी त्यांना गाठून शालनला गुरुवारी अकराची वेळ पुन्हा मागून घेतली. वर्षभर ती पोर कशी झटली हे मी असं काही रंगवून सांगितलं की ते विरघळले. शालनला येऊन सांगितलं तेव्हा तिने हात जोडायला उचलले. ते छातीपर्यंतही आले नाहीत.

बुधवारी सकाळी खाटेशेजारी वस्ताद बसलेले होते. रावसाहेब शेंडगे, आमचे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. पूर्वी कुस्ती करायचे, नंतर तालीम चालवायचे, म्हणून सारं गाव त्यांना वस्तादच म्हणे. त्यांचं आणि माझं सख्य होतं, पण ते एकमेकांना चिडवण्याचं. माझ्या विषयाला ते 'लेलेसरांचं अंतरज्ञान' म्हणत, आणि मी त्यांच्या विषयाला उठाबशाशास्त्र म्हणे. आज ते चिडवण्याच्या बेतात नव्हते.

"लेलेसर, हिकडं या. हे बगा." त्यांनी शालनच्या डाव्या टाचेखाली आपला तळवा घातला. "बाळ, उजवा पाय उचल."

उजवा पाय थरथरत चार बोटं वर आला.

"एक पाय उचलायचा म्हनलं तर मानसाला दुसरी टाच रोवावी लागती. आखाड्यात सोंग घिऊन पडल्याली पोरं म्या लई बघितल्यात. त्येंची टाच रोवतीच, त्येंचं त्येंला कळत बी न्हाय. हितं माझ्या हातावर काडीचा भार आला न्हाय. ह्यो पाय सोंगाचा न्हाय सर. ह्यो पाय मेलाय."

"वस्ताद, सोंग कोण म्हणतंय? ती मुद्दाम करत नाही. हे तिच्या नकळत होतंय. मनाचा एक तळ असतो, तिथून."

वस्तादांनी विचार केला. "मनाला न कळता हुईत आसंल. पर टाचंला कळल्याबिगर कसं हुईल?"

मी हसलो. मी त्यांना म्हणालो, "वस्ताद, तुमचा आखाडा वेगळा, माझा वेगळा." ते उशीवरच्या शालनकडे पाहत राहिले. आणि शालनच म्हणाली, "वस्ताद, सरांचं बरोबर आहे. मी पहिल्यापासनंच भित्री."

"तुमी शिकल्याली मानसं," वस्ताद उठत म्हणाले. "म्या आपलं हाताला लागलं ते सांगितलं."

त्यांनी तेव्हा भांडायला हवं होतं असं मी पुढे कित्येक वर्षं मनात म्हणत आलो. पण माझ्याशी कोणी भांडू नये अशीच माझी बोलण्याची पद्धत होती.

दुपारी शालनची आई आली. फुलाबाई. दोन एस्ट्या बदलून, कमरेच्या पिशवीत बिरोबाचा भंडारा घेऊन. तिने लेकीच्या कपाळाला, गुडघ्यांना, पावलांना भंडारा लावला आणि पोर कुठे कुणाच्या शेतातला उतारा ओलांडून गेली का म्हणून विचारत बसली. मी तिला अडवलं नाही. श्रद्धेनेही धीर येतो, हे मला पाठ होतं. एकीकडे देव, एकीकडे डॉक्टर, एकीकडे वस्ताद, आणि सगळ्यांना समजून घेणारा मी, असं काहीसं चित्र माझ्या डोक्यात होतं, हे सांगायला आज लाज वाटते.

संध्याकाळी फुलाबाई व्हरांड्यात मला शोधत आली. "सर, पोरीच्या तोंडात घास फिरंना. पानी पाजलं तर नाकातनं येतंय."

"धास्तीने होतं तसं, मावशी. उद्या पाठ झाला की पोटभर जेवेल."

"तुमी हाय म्हनून धीर हाय बगा," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी रंगीत तालीम ठेवली. वसतिगृहाच्या हॉलमध्ये मुलींनी शालनला खुर्चीवर आणून बसवलं, मागे उशी लावली. सहा मुली चौथीची पोरं होऊन खाली बसल्या. एकीने फळ्यावर वाक्प्रचार लिहिले. फुलाबाई भिंतीला टेकून, वस्ताद दारात. मी शालनला सांगितलं, आधी बसून शिकव, भीती सुटली की पाय आपोआप सुटतील, मग उभी राहा.

तिने शिकवायला सुरुवात केली आणि मी थक्क झालो. आवाज बारीक होता, नाकातून येत होता, एकेका वाक्यानंतर ती थांबून श्वास घेत होती. पण कापत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा ती कापत नव्हती.

"पोटात कावळे ओरडणे?"

"खूप भूक लागणे, बाई," एक मुलगी म्हणाली.

"शाबास. हातपाय गळणे?"

कोणाला उत्तर द्यावंसं वाटेना. शालनने सगळ्यांकडे पाहिलं आणि स्वतःच सांगितलं, "धीर सुटणे. वाक्यात उपयोग. परीक्षक दिसताच... बाईंचे हातपाय गळाले."

मुली हसल्या. फुलाबाईही हसली. मी तर टाळीच वाजवली. भीतीला जी पोर असं वर्गासमोर उभं करू शकते तिची भीती संपली, असं मी त्या क्षणी शपथेवर सांगितलं असतं. आणि ते बरोबरच होतं.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "शालन, खरं सांग. भीती गेली की नाही?"

तिने नीट विचार केला. खोटं बोलायचं नाही म्हणून ती आत कुठेतरी शोधत होती.

"गेली सर."

"मग ऊठ."

तिने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. म्हणजे ठेवायला गेली. डावा हात घसरून मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. मान पुढे झुकली. घाम आला. पावलं जमिनीवर होती तशीच होती, एक बोटसुद्धा हललं नाही. मग तिने मान कशीबशी वर केली. इतके दिवस माझ्याशी जपून पुस्तकी बोलणारी ती मुलगी आपल्या घरच्या भाषेत म्हणाली, "भ्या गेलं सर. पाय तेवढं येईनात."

त्या खोलीत भीती आता फक्त मला वाटत होती. मी तिचा मांडीवरचा हात उचलला. इतक्या दिवसांत मी तिला पहिल्यांदा हात लावत होतो. मनगट माझ्या बोटांवर नुसतं लोंबलं. मी वस्तादांकडे वळलो, तर ते दारात नव्हतेच, माझ्या शेजारी होते. त्यांनी शालनला खुर्चीतून उचललं आणि ते जिन्याकडे निघाले. "जीप सांगा," एवढंच ते म्हणाले.

जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत अडीच तास लागले. शालनचं डोकं आईच्या मांडीवर होतं. वाटेत ती दोनदा मला म्हणाली, "अकरा वाजले का?" मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. दुसऱ्या वेळी साडेअकरा झाले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने छोट्या हातोडीने गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. दुसऱ्यावर मारलं, तोही नाही. तिने मला विचारलं, "दोन-तीन आठवड्यांत हिला जुलाब झाले होते?"

मला माहीत नव्हतं. तिला कशाची भीती वाटते, लहानपणी बाप काय म्हणाला होता, पहिला पाठ का फसला, हे सगळं मला माहीत होतं. पोटाचं मी कधी विचारलं नव्हतं. उत्तर वस्तादांनी दिलं. महिन्याच्या सुरुवातीला वसतिगृहातल्या निम्म्या पोरींना झाले होते, शालनलाही.

तिने आजाराचं नाव सांगितलं. परक्या भाषेतलं, दोन माणसांच्या नावांचं. अशा जुलाबांनंतर कधीकधी शरीर स्वतःच्याच नसांवर उलटतं, लुळेपण पावलांपासून वर वर चढतं, आणि छातीपर्यंत आलं की श्वास थांबतो. "मेंदूला काही होत नाही," ती म्हणाली. "तिला सगळं ऐकू येतंय, सगळं समजतंय. श्वास टिकवला तर काही आठवड्यांनी आपोआप उतरायला लागतं."

श्वास टिकवायचं यंत्र दवाखान्यात एकच होतं आणि ते दुसऱ्या रोग्याला लावलेलं होतं. शालनच्या घशात नळी घातली, नळीला एक रबरी फुगा जोडला आणि तो माझ्या हातात दिला. दाबायचा, सोडायचा, तीन आकडे मोजायचे, पुन्हा दाबायचा. नातेवाइकांनीच पाळ्या लावायच्या. थांबायचं नाही.

मी, वस्ताद आणि फुलाबाई. कॉलेजातल्या मुलीही आलटून पालटून यायच्या. मनाच्या तळाबद्दल बोलणारा मी दिवसचे दिवस एका पोरीची छाती हाताने वरखाली करत होतो. मनगटाला गोळे यायचे. वस्ताद शेजारी बसून ते चोळून द्यायचे. "तुम्हाला सांगत होतो" हे त्यांच्या तोंडून कधीच आलं नाही. आलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

शालनचं हलायचं ते डोळे आणि पापण्या एवढंच उरलं होतं. वस्तादांनी तिच्याशी ठरवून घेतलं होतं. पापणी एकदा मिटली तर व्हय, दोनदा मिटली तर न्हाय. त्यावर आमचा संसार चालला होता. पाणी लावू ओठाला? एकदा. दुखतंय? दोनदा. आईला बोलावू? एकदा. फुलाबाई तर तासन्‌तास बोलायची, कोणती मेंढी व्याली, कोणाचं कुठे जमलं, आणि शालनच्या पापण्या तिला हुंकार द्यायच्या. वस्तादांनी तिच्या टाचेखाली रोज हात घालून पाहायचा नेम ठेवला होता. आज हाताला थोडं लागतंय असं त्यांनी रविवारी सांगितलं. ते खरं होतं की तिला बरं वाटावं म्हणून, मी विचारलं नाही.

शालन मंगळवारी सकाळी गेली. आईच्या पाळीत, फुगा चालू असताना, हृदयाचे ठोके एकाएकी थांबले. डॉक्टरणीने सांगितलं, या आजारात असंही होतं, कोणाची चूक नाही. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर काही वेगळं झालं असतं का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, सांगता येत नाही. टाचेची ती परीक्षाही मी तिला सांगितली. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, आमच्या पुस्तकात आहे ती, तिला एका डॉक्टरचं नाव आहे.

पण मला सांगायचं आहे ते सोमवारचं. सोमवारी दुपारी माझी पाळी होती. वॉर्डात रॉकेलचा आणि फिनेलचा वास होता, वस्ताद बाहेर चहाला गेले होते, फुलाबाई पायाशी बसल्या बसल्या डुलकी घेत होती. शालन माझ्याकडे पाहत होती. मी दाबत होतो, मोजत होतो. चार दिवस जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते मी एकदाचं बोललो.

"शालन, ती भीती नव्हती. तू भित्री नव्हतीस. मी चुकीचं सांगितलं तुला."

ती पाहत राहिली.

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

मी तिच्या पापण्यांकडे पाहिलं. फुगा दाबला. एक, दोन, तीन. पुन्हा दाबला. मी जवळ वाकलो. तिच्या डोळ्यांत मी मला दिसत होतो, हातात फुगा घेतलेला. पापणी मिटली नाही. एकदा नाही, दोनदाही नाही. तिने मिटली नाही, की आता तिला मिटताच येईना झाली होती, हे मी वाचायचा प्रयत्न करत होतो. मी वर्षभर त्या मुलीला वाचत आलो होतो. मी पुन्हा विचारलं. मी कितीदा विचारलं ते मला आठवत नाही.

वस्ताद चहाचा कप घेऊन आले आणि माझ्याकडे पाहून खाटेशी थांबले.

"काय म्हनली पोर?"

"मला कळलं नाही," मी म्हणालो, आणि मोजणं न चुकवता फुगा त्यांच्या हातात दिला.